मिश्री कुणी लावली?

त्या काळात मला कुणी व्यसनी म्हटलं असतं तर मी त्याच्या अंगावर धावून गेले असते. व्यसनं बाप्यांना असतात. दारू, गुटखा, पत्ते. आम्ही बाया काय करायचो, तर दात घासायचो. सकाळी उठल्यावर, जेवणं झाल्यावर, दुपारी खुरपून आल्यावर आणि झोपायच्या आधी. दिवसातून चार वेळा दात घासणाऱ्या बाईला व्यसनी कोण म्हणेल? फक्त घासायचो ती मिश्री. तंबाखू तव्यावर काळीभोर होईपर्यंत भाजायची, हातानं चुरून डबीत भरायची, चिमूटभर अंगठ्याशेजारच्या बोटावर घ्यायची आणि दाता-हिरड्यांवरून फिरवत बसायचं. एकदा बोट तोंडात गेलं की अर्धा तास कुठं गेला कळायचं नाही.

मला ती लागली अकराव्या वर्षी. माझं माहेर वडगाव निंबाळकरचं. घरी ऊस, चार गाई, धारा काढायला पहाटेची धावपळ. माझी दाढ दुखायला लागली आणि दवाखान्यात न्यायला कुणाला सवड नव्हती. आईनं आपल्या डबीतली चिमूट दाढेवर दाबली. दोन मिनिटांत मला घर फिरताना दिसायला लागलं, गोठ्याच्या कडेला बसून मी भडाभडा ओकले. आई हसून म्हणाली, "पयल्यांदा गरगरतंयच. उद्या न्हाय व्हायचं." आणि खरंच, तिसऱ्या दिवशी काही झालं नाही. आठव्या दिवशी दाढ दुखत नसताना मी डबी मागितली. आईनं दिली. तिलाही तिच्या आईनं अशीच दिली होती, त्यात तिला काय वावगं दिसणार!

लग्न होऊन मी पळसदेवला आले. सासरच्या लोकांची पूर्वी मेंढरं होती. सासूबाई तरुणपणी मेंढरांमागं पाय तुटेस्तोवर हिंडलेल्या. आता जमीन होती, धरणाचं पाणी होतं, आणि आमचे मालक दुधाच्या टेम्पोवर ड्रायव्हर होते. सासूबाईंना मी आत्या म्हणायची. बाई करारी. लग्नाला आठ दिवस झाले तरी माझ्याशी धड बोलल्या नव्हत्या. नवव्या दिवशी दुपारी ओट्यावर बसून त्यांनी कनवटीची डबी काढली, स्वतः घेतली आणि माझ्याकडं न बघता डबी पुढं सरकवली. मी हरखून गेले. कुणी तोळ्याचं गंठण पुढं केलं असतं तरी इतका आनंद झाला नसता. त्या दिवसापासून रोज दुपारी आम्ही दोघी शेजारी बसायचो, बोट तोंडात आणि गप्पा नाकातून. त्या सांगायच्या, "मेंढरामागं भूक लई लागायची गं. भाकरी संपलेली असायची. मिश्री लावली की भूक मरायची." मी हसायचे. मला कधी भूक मारायची वेळ आली नव्हती, मला नुसती तल्लफ होती.

मग पहिलं बाळ आलं. माहेरी जायच्या आधीच, आठव्या महिन्यात पोटात कळा सुरू झाल्या. इंदापूरला दवाखान्यात नेलं. मुलगा होता, ओंजळीत मावेल एवढा. दोन दिवस जगला. कुणी म्हणालं ग्रहणात भाजी चिरली असेल, कुणी म्हणालं पाण्याकडं तिन्हीसांजेला गेली असेल. मालकांची एक चुलती माझ्या तोंडावर म्हणाली, "कूसच कमजोर हाय. दुसरीकडं बघायला पायजे आता." आत्यांनी तिला हाकलून लावलं, पण ते वाक्य घरात राहिलं. मालक गप्प गप्प असायचे. त्यांच्या गप्प बसण्याची मला फार धास्ती वाटायची. त्या दिवसांत मी मिश्री चारची सहा वेळा केली.

दुसऱ्या खेपेला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात गावात नर्सबाई आल्या. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडून एकेकीचं नाव लिहीत होत्या. वजन झालं, इंजेक्शन झालं. "काही व्यसन?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"आमी काय बाप्ये हाय व्हय?" मी म्हणाले. मागच्या बाया खिदळल्या. बाईंनी 'नाही' लिहिलं.

गोळ्या घ्यायला थांबले होते, वेळ जात नव्हता, म्हणून मी सवयीनं चिमूट लावून बोट फिरवायला सुरुवात केली. नर्सबाईंचं लक्ष गेलं. पेन खाली ठेवून त्या म्हणाल्या, "हे काय आहे?"

"मिश्री."

"मग मघाशी 'नाही' का म्हणालीस?"

"आता ह्याला कुणी व्यसन म्हणतं व्हय?"

बाई तडक उठल्या. मला बाजूला नेऊन म्हणाल्या, "तंबाखू आहे ती. तू लावतेस तेव्हा पोटातल्याला पण लावतेस. अशी बाळं लहान निघतात, अपुऱ्या दिवसांची निघतात." मी विचारलं, "माझं पयलं त्याच्यानंच गेलं का?" "ते मला नाही सांगता येणार. पण त्याला ते चांगलं नव्हतं एवढं नक्की." त्यांनी खोटं सांगून मला धीर दिला नाही याचा मला तेव्हा इतका राग आला की घरी येईपर्यंत मी त्यांना मनातल्या मनात शिव्या घालत होते. आणि घरी येऊन पहिलं काय केलं असेल? डबी काढली.

आपलेच दात, आपलेच ओठ. सांगायचं कुणाला? दोन दिवस मी काही बोलले नाही. लावायची, आणि लावून झाल्यावर पोटावर हात ठेवून बसायची. आत तो जीव काय करत असेल, त्याला गरगरत असेल का, मला अकराव्या वर्षी गरगरलं तसं? ओकायचं झालं तर तो कुठं ओकणार? हे एकदा डोक्यात शिरलं ते निघेना. तिसऱ्या दिवशी आत्यांनी दुपारी डबी सरकवली तेव्हा मी ती परत सरकवली.

"का गं? माझी डबी इटाळली व्हय?"

मी नर्सबाईंचं सगळं सांगितलं. आत्या फणकारल्या, "माझी पाच झाली, पाची मिश्रीवर झाली. त्या बाईला काय ठावं?" पाचातली दोन राहिली नव्हती, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. ते मी बोलले नाही. त्या नुसत्या समोर धरणाच्या पाण्याकडं बघत बसल्या. त्या उन्हाळ्यात धरण पार आटलं होतं, एरवी पाण्याखाली असलेलं जुनं देऊळ पायऱ्यांपर्यंत उघडं पडलं होतं.

सोडणं म्हणजे काय ते ज्यानं सोडलंय त्यालाच विचारा. नर्सबाईंनी सांगितलं होतं, एकदम जमत नसेल तर एकेक वेळ कमी कर, तल्लफ आली की बडीशेप चाव, पाणी पी, कामाला लाग. दुपारची सुटली, संध्याकाळची सुटली, सकाळची सुटता सुटेना. ती लावल्याशिवाय पोटच साफ व्हायचं नाही. डोकं असं ठणकायचं की डोळ्यांपुढं काजवे. एकदा मालक म्हणाले भाजीत मीठ कमी आहे, तर मी अख्खी कढई अंगणात पालथी केली. शेजारणी म्हणाल्या हिला बाहेरचं काहीतरी लागलंय. सगळ्यात वाईट म्हणजे आत्या मिश्री भाजायच्या तेव्हाचा तो वास. सगळं घर ठसकायचं, आणि माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. एकदा त्या तवा ठेवून गोठ्यात गेल्या, आणि मी तव्याच्या कडेला चिकटलेली भुकटी नखानं खरवडून हिरडीला लावली. चोरून. पोटुशी बाई, स्वतःच्या घरात चोर!

त्याच दिवशी दुपारी पोटातलं हललं नाही. सहावा महिना सरत आला होता, जेवण झालं की ते हमखास लाथा मारायचं. त्या दिवशी काही नाही. मी डाव्या कुशीवर झाले, उजव्या कुशीवर झाले, गूळ खाल्ला, गार पाणी प्यायले. काही नाही. आत्या आल्या तेव्हा मी भिंतीला टेकून रडत होते. "आत्या, म्या तव्यावरची खाल्ली. म्या मारलं त्याला." त्यांनी माझ्या पोटावर हात ठेवला. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, त्यांचा हात पोटावर आणि माझा हात त्यांच्या हातावर. किती वेळ गेला देव जाणे. मग आतून एक बारीकशी ढुशी आली. आत्या म्हणाल्या, "हाय, हाय. हितंच हाय."

दुसऱ्या दिवसापासून आत्या मिश्री भाजायला लांब बांधावर जायला लागल्या. तिथं तीन दगड मांडून भाजायच्या आणि तिथंच लावून, चूळ भरून घरी यायच्या. त्यांची स्वतःची सुटणार नव्हती. "जित्याची खोड हाय माझी, मेल्यावरच जायची," म्हणायच्या. पण माझ्यासमोर त्यांनी परत डबी काढली नाही. माझी सुटली ती त्यांच्यामुळं. सातव्या महिन्यात मला माहेरी पोचवायला त्या स्वतः आल्या आणि माझ्या आईला दारातच बजावलं, "इहीणबाई, हिच्यासमोर डबी काढू नगा."

दिवस पुरे भरले. बारामतीला दवाखान्यात मुलगी झाली. काट्यावर घातली तर अडीच किलोला जराशी कमी. मी दोन वेळा विचारून घेतलं, नक्की अडीच ना, नक्की ना? नर्स वैतागून म्हणाली, "अहो, वाणी आहे का मी, काटा मारायला!" मी हसले. कितीतरी महिन्यांनी पोट धरून हसले, टाके दुखेपर्यंत.

इथंच गोष्ट संपायला हवी होती.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी मी आईला म्हणाले, "आई, डबी दे."

आई चपापली. "आगं, ती नर्स काय म्हणाली हुती?"

"ते पोटात हुतं तवर. आता पोर भाईर हाय, आता काय?"

मला खरंच तसं वाटत होतं. नर्सबाई पोटातल्याबद्दल बोलल्या होत्या. पोटातलं बाहेर आलं, धोका टळला. अंगावरच्या दुधाचं कुणाच्या डोक्यात येणार? आईच्याही आलं नाही. तिला वाटलं, लेकीनं इतके दिवस मन मारलं, आता कशाला छळायचं. तिनं डबी दिली. खोटं कशाला बोलू, ती पहिली चिमूट मला बाळाच्या पहिल्या रडण्याइतकी गोड लागली. चार दिवसांत मी परत चार वेळांवर आले. आत्यांना कळू द्यायचं नाही एवढंच ठरवलं होतं. सव्वा महिना झाला की सासरी जायचं, तोवर परत सोडू, एकदा सोडलीय म्हणजे काय अवघड आहे!

सव्वा महिन्याला चार-पाच दिवस राहिले होते. सकाळचे दहा वाजले असतील. आई गोठ्यात होती. मी न्याहारी करून मिश्री लावत बसले होते, तेवढ्यात पोर रडायला लागली. अंगावर घेतली तर प्यायला तयार नाही, नुसती पाय झाडतेय. मी चूळ भरली, बोट पदराला पुसलं आणि तिच्या तोंडात दिलं. आम्ही सगळ्याच देतो, बोट चोखत पोरं गप्प बसतात. तीही बसली. मी तिला मांडीवर घेऊन हलवत राहिले. बराच वेळ चोखत होती, कारण मला आठवतं, मी दुसऱ्या हातानं गव्हातले खडेही काढले. मग मला वाटलं झोपली. बोट काढलं तर मान एका बाजूला कलंडली. अंगाला घाम, ओठ पांढरे. आणि मग ती ओकली, दूध नाही, नुसतं पाणी, आणि परत ओकली, आणि डोळे उघडेनात.

मी किंचाळले. आई शेणाच्या हातानं धावत आली. आबा, म्हणजे माझे वडील, कुणाची तरी जीप घेऊन आले. बारामतीपर्यंतचा तो रस्ता! ऊस भरलेल्या बैलगाड्या पुढं, एक संपली की दुसरी, हॉर्न मारून मारून जीपवाल्याचा हात दुखला असेल. मी पोरीच्या नाकापुढं हात धरून बसले होते. हाताला श्वास लागला की जीव भांड्यात पडायचा, जरा उशीर झाला की परत टांगणीला. पहिल्याची दोन दिवसांची आठवण सारखी वर येत होती. देवा, हिला नेऊ नकोस, मी म्हणत होते, काहीही कर पण हिला नेऊ नकोस.

डॉक्टरांनी पोरीला टेबलावर घेतलं, छाती तपासली, ऑक्सिजन लावला, इवल्याशा हातात सुई टोचली. मग बोटाला कापूस गुंडाळून तिच्या हिरड्या पुसल्या. कापूस बाहेर आला तो काळा.

"हे काय आहे?"

त्यांनी कापूस आईच्या पुढं धरला. "मिश्री आहे ना ही? एवढ्याशा पोरीला मिश्री? कुणी लावली?"

त्या क्षणाला मला कळलं. मी माझ्या बोटाकडं बघितलं. नखाच्या कडेला काळं होतं, अजून होतं. मला ती चुलती दिसली, कूसच कमजोर हाय म्हणणारी. मालकांचं गप्प बसणं दिसलं. बांधावर तीन दगड मांडून बसलेल्या आत्या दिसल्या. डॉक्टर ओरडले, "सांगा ना! किती लावली ते कळायला नको?"

आईनं माझ्या हाताकडं बघितलं. फक्त एकदा. मग डोक्यावरचा पदर पुढं ओढून म्हणाली, "म्या लावली. पोट दुखत असंल म्हणून. चिमटीच्या बी कमी."

डॉक्टरांनी तिला जे झापलं ते सगळ्या दवाखान्यानं ऐकलं. ती खाली मान घालून उभी होती, हाताला शेण तसंच वाळलेलं. आबांनी तिच्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती मी विसरू म्हणता विसरत नाही. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी नाही बोलले. मी पोरीचा पाय धरून रडत राहिले, आणि सगळ्यांना वाटलं, आई आहे, रडणारच.

पोर वाचली. दुपारनंतर रडली, आणि रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आता काळजी नाही. पळसदेवला निरोप गेला होता, त्यामुळं सकाळी आत्या आणि मालक भिगवणवरून एस्टीनं आले. आत्यांनी पहिल्यांदा पोरीला हुंगलं, मग वळून आईवर जे सुटल्या! "सुनेनं जीव जाळून सोडली, आन् तुमी नातीच्या तोंडात घातली? इहीण हाय का वैरीण?" मालक आईशी बोललेच नाहीत. दवाखान्यातूनच आम्हाला सासरी घेऊन गेले.

निघायच्या आधी नळावर आई एकटी सापडली. मी म्हणाले, "का गं असं सांगितलंस?" ती पोरीची लंगोटी धूत होती. "तुला नांदायचंय," म्हणाली. "माझं काय, माझं झालं समदं." आणि मग, माझ्याकडं न बघता, "आता तरी सोड, बाय."

त्या दिवसापासून मी मिश्रीला शिवले नाही. तल्लफ यायची, पण तो काळा कापूस डोळ्यांपुढं यायचा आणि मी बडीशेप तोंडात टाकायचे. सासरी माझं कौतुक व्हायला लागलं. नर्सबाई मला आजूबाजूच्या वस्त्यांवर न्यायच्या, पोटुश्या बायांपुढं बोलायला उभं करायच्या. मी चांगलं बोलायचे. मिश्री म्हणजे तंबाखूच, ती पोटातल्याला पोचते, दुधातून जाते, बोटाला लागलेलीसुद्धा बाळाला पुरते. बायांना पटावं म्हणून घडलेलं सांगायचे: माझ्या आईनं माझ्या लेकीला मिश्री लावली, लेक मरता मरता वाचली. बाया 'अगं बाई!' म्हणून तोंडाला पदर लावायच्या. कितीतरी जणींनी माझं ऐकून सोडली. मी दर वेळी ठरवायचे, आज खरं सांगायचं. आणि दर वेळी तोंडातून 'माझ्या आईनं' असंच यायचं. माझी मलाच किळस यायची, पण यायचं तसंच.

आई वर्षातून दोनदा यायची. वडगाववरून बारामती, बारामतीवरून भिगवण, तिथून पुढची एस्टी, एवढं करून. डिंकाचे लाडू आणायची, पोरीला झबलं आणायची. आत्या चहा द्यायच्या, माणुसकीनं वागायच्या, पण पोरीला उचलून आत ठेवायच्या. दवाखान्यातल्या त्या दिवसानंतर पोर वर्षाची होईपर्यंत आईनं तिला एकदाही मांडीवर घेतलं नाही.

त्या दिवाळीला आई आली तेव्हा मी आत भाकरीचं पीठ मळत होते. बाहेर आईनं हातपाय धुतले, बराच वेळ धुतले, पाण्याचा आवाज येत होता. मग ती आत्यांना म्हणाली, "जरा द्या की पोरीला. हात धुतल्यात म्या. साबण लावून धुतल्यात, हे बघा."

"राहू द्या," आत्या म्हणाल्या. "झोपलीया ती."

पोर माझ्या पाठीमागं पाळण्यात जागी होती, खुळखुळा वाजवत होती. तो आवाज बाहेर जात असणार. मी पीठ मळत राहिले.